पर्यटकांचं वय सांगणारे आकडे: कोणता साठा कामाचा, कोणता नुसता देखणा

'परदेशी पर्यटक तरुण होत चालला आहे' आणि 'परदेशी पर्यटकाचं वय वाढत चाललं आहे' ही दोन्ही वाक्यं एकाच देशाबद्दल, एकाच वर्षी, खऱ्या आकड्यांवरून लिहिता येतात. कुणी खोटं बोलत नसतं. एकाने सीमेवरची नोंद उघडलेली असते, दुसऱ्याने विमानतळावरच्या मुलाखतींचा तक्ता. म्हणून पर्यटकांच्या वयाबद्दल काही म्हणण्याआधी आकडा पुरवणाऱ्या सेवेचीच पारख करायला हवी. इथे फक्त फुकट आणि सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी व आंतरराष्ट्रीय सेवा घेतल्या आहेत.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. सोय हवी असेल तर दक्षिण कोरिया, नेमकं वय हवं असेल तर ऑस्ट्रेलिया, खोल खणायचं असेल तर ब्रिटनची ट्रॅव्हलपॅक ही प्रवासी-मुलाखतींची फाइल, आणि फेऱ्यांऐवजी माणसं मोजायची असतील तर युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय. जगाचा एकच आकडा शोधत असाल तर तो शोध इथेच थांबवा.

कारण तो आकडा नाहीच. यूएन टुरिझम ही माद्रिदची संस्था (जानेवारी २०२४ पर्यंत यूएनडब्ल्यूटीओ, त्यामुळे जुने तक्ते शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात) जगभरच्या आगमनांची गोळाबेरीज करते. १९५० मध्ये अडीच कोटी, २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी, २०२० मध्ये घसरून सुमारे ४० कोटी, हे आकडे तिथलेच. कोण कुठून आलं, कशासाठी आलं, विमानाने की रस्त्याने, हे सगळं तिथे देशवार मिळतं. वय मिळत नाही. पर्यटन आकडेवारीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये पर्यटकाचं वय नोंदवावं असं म्हटलेलं आहे, पण गट कसे पाडायचे याची सक्ती नसल्याने प्रत्येक देशाने आपापली वाट धरली. 'जगातले सुमारे २३ टक्के पर्यटक तरुण आहेत' हे वाक्य अनेक ठिकाणी फिरतं. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि त्यात तरुण म्हणजे बहुधा १५ ते २९ धरलेलं असतं. वयाच्या कामासाठी या सेवेला शून्य गुण. एकूण आगमनांसाठी मात्र तिला पर्याय नाही.

कोरिया टुरिझम ऑर्गनायझेशनची डेटा लॅब पहिल्यांदा उघडणाऱ्याला हायसं वाटतं. दर महिन्याला येणाऱ्या परदेशी लोकांचा देशवार तक्ता, त्यातच स्त्री-पुरुष आणि वयोगट. मूळ नोंद सीमेवरची, म्हणजे पासपोर्टावरची जन्मतारीख. नमुना नाही, मुलाखत नाही, भारांक (नमुन्यातला एकजण कितीजणांच्या जागी धरायचा तो आकडा) नाहीत. जो आला तो मोजला गेला. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली घसरण गटांच्या सीमेवर. कोरियाचे गट ०–२०, २१–३०, ३१–४० असे जातात आणि ६१ नंतर सगळे एका खणात. युरोपातले गट १५–२४, २५–३४ असे. हे दोन तक्ते शेजारी ठेवून 'विशीतले' म्हणून तुलना करणारा आलेख दिसला की पान उलटावं. दुसरी अडचण विमान-जहाजांच्या कर्मचाऱ्यांची. ते एकूण आगमनांत असतात, पण त्यांचा स्तंभ वेगळा असतो आणि ते वयोगटांत विभागलेले नसतात. वयोगटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही म्हणून डोकं धरून बसणारे बहुतेकजण इथे अडकलेले असतात. टक्के काढताना छेदात एकूण आगमनं नव्हे, तर कर्मचारी वगळून उरलेली बेरीज घ्यायची. तिसरी गोष्ट जास्त फसवी. या आगमनांत शिक्षण-प्रशिक्षणासाठी येणारेही असतात. सत्र सुरू होण्याच्या सुमारास २१–३० चा गट फुगतो तो त्यांच्यामुळेही. हेतू आणि वय यांचे मासिक तक्ते वेगवेगळे असल्याने विद्यार्थी त्या गटातून थेट बाजूला काढता येत नाहीत. उपाय एकच: महिना महिन्याशी नव्हे, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडायचा आणि निष्कर्ष वर्षाच्या बेरजेवर काढायचा.

कोरियाच्या जुन्या आकड्यांकडे वळणाऱ्यांसाठी एक सूचना, खरं तर गंमतच. तिथून बाहेर जाणाऱ्या पर्यटकांची ऐंशीच्या दशकातली वयरचना आवडीनिवडीतून घडलेली नाही, ती कायद्याने ठरवलेली आहे. १९८३ मध्ये पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मुभा मिळाली ती फक्त ५० आणि त्यापुढच्या नागरिकांना, तीही बँकेत २० लाख वॉन ठेव ठेवून. वयाची अट मग टप्प्याटप्प्याने खाली आली आणि जानेवारी १९८९ मध्ये उठली. १९८५ आणि १९९५ ची तुलना करून 'दहा वर्षांत कोरियन पर्यटक एकदम तरुण झाला' असं लिहिणारा माणूस राजपत्रातला बदल समाजातला बदल म्हणून खपवतो आहे.

जपानच्या आकड्यांवर थोडं जास्त थांबायला हवं, कारण या विषयातली सगळ्यात गाजलेली चुकीची समजूत तिथेच जन्मली. इमिग्रेशनची नोंद जपानी नागरिकांच्या प्रस्थानांचं वय आणि लिंग देते. तीही पूर्ण मोजणी. विशीतल्या जपान्यांची प्रस्थानं १९९६ मध्ये सुमारे ४६ लाख होती. २००८ मध्ये ती सुमारे २६ लाखांवर आली. 'जपानी तरुणांना परदेश नकोसा झाला' ही ओरड त्यातून सुरू झाली. आता छेद बघा. १९९६ मध्ये विशीतली लोकसंख्या होती सुमारे १.९ कोटी, २००८ मध्ये सुमारे १.४५ कोटी. म्हणजे शंभरामागे प्रस्थानं २४ वरून १८ वर आली. जुनाच दर टिकला असता तरीही २००८ मध्ये आकडा ३५ लाखांच्या आसपासच राहिला असता. २० लाखांच्या घसरणीतला निम्म्याहून थोडा मोठा वाटा तरुणांची संख्याच घटल्याचा, उरलेला खरोखर कमी प्रवासाचा. दोन्ही गोष्टी घडल्या, पण बातमीत एकच आली.

हा हिशेब कुठल्याही देशासाठी करता येतो. अंशात त्या वयोगटाची प्रस्थानं किंवा आगमनं, छेदात ज्या देशातून लोक निघाले त्या देशाची त्याच वयाची लोकसंख्या. छेदासाठी संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या अंदाज वापरावेत. अलीकडच्या आवृत्त्यांत एकेका वर्षाच्या वयाची फाइल मिळते, तीच घ्यायची. पाच-पाच वर्षांच्या गटांची फाइल घेतली तर कोरियाचा २१–३० हा गट त्यात बसत नाही, आणि २०–२४ अधिक २५–२९ ने भागून टाकण्याचा मोह आवरत नाही. मग एक वर्ष सरकल्यामुळे दरही सरकतो, आणि जिथे जन्मदर वेगाने बदललेला असतो तिथे तो चांगलाच सरकतो. अंश ज्या वर्षाचा, छेदही त्याच वर्षाचा, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

जपानी नोंदीची मर्यादाही सांगायला हवी. जपानी नागरिकांसाठीचं प्रवास-कार्ड २००१ मध्ये बंद झालं, तेव्हापासून प्रस्थानात हेतू नाही. सहलीला निघालेला, कामाच्या बैठकीला निघालेला, परदेशी बदली झालेला, सगळे एकाच रांगेत. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांचा दर त्यामुळे फुगलेला दिसतो. बाकी देशांतही सीमेवरची कागदी कार्डं एकेक करून जात आहेत. कार्ड गेलं की वय जात नाही, ते पासपोर्टात असतंच. जातो तो हेतू, व्यवसाय आणि मुक्कामाचा इरादा. म्हणजे पुढच्या काळात वय जास्त नेमकं कळेल आणि ते वय कशासाठी फिरतंय हे कमी कळेल.

ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयाची परदेशी आगमन-प्रस्थानाची मालिका यात अजून तरी बऱ्या स्थितीत आहे. बाहेर जातानाचं कार्ड १ जुलै २०१७ पासून गेलं, आत येतानाच्या नोंदीतून हेतू आणि किती दिवस राहणार हे कळत राहिलं. वर्षाहून कमी राहणारा तो अल्पमुदतीचा पाहुणा, अशी स्पष्ट व्याख्या. वय पासपोर्टावरून, सर्व वयांचं, अगदी तान्ह्या बाळासकट.

गोंधळ होतो तो त्याच देशाच्या दुसऱ्या सेवेमुळे. तिथलं आंतरराष्ट्रीय पर्यटक सर्वेक्षण वर्षाला सुमारे ४०,००० मुलाखती घेत आलं आहे, परत निघालेल्या प्रवाशांच्या, आणि फक्त १५ वर्षं व त्यावरच्यांच्या. खर्च, मुक्काम, फिरण्याची ठिकाणं यांसाठी ते उत्तम. पण दोन्ही सेवांतून वय काढलं तर ते जुळणार नाही, आणि किती जुळणार नाही ते पाहण्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. समजा १,००० पर्यटक आहेत: १५ खालचे ८०, १५–२४ चे १४०, २५–३४ चे २३०, ३५–४४ चे २००, ४५–५४ चे १६०, ५५–६४ चे ११०, ६५ व पुढचे ८०. मध्यक काढायचा तर पाचशेवा माणूस शोधायचा. ३४ पर्यंत ४५० संपतात, पुढच्या गटातले ५० हवेत, तो गट २०० चा आणि दहा वर्षं रुंद. ३५ अधिक अडीच, म्हणजे साडेसदतीस. आता मुलं वगळा. उरले ९२०, मधला माणूस ४६० वा, ३४ पर्यंत ३७० संपतात, पुढचे ९० हवेत. ३५ अधिक साडेचार, म्हणजे साडेएकोणचाळीस. एकही पर्यटक बदलला नाही, आणि 'पर्यटक' दोन वर्षांनी वयस्क झाला. सरासरीऐवजी इथे मध्यक घेण्याचं कारणही साधं: शेवटचा गट उघडा असतो. त्याला ७० धरायचं की ७५, यावर सरासरी नाचते. मध्यकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे सुट्टी घालवता घालवता काम करू देणारा व्हिसा १८ ते ३० वयाच्यांना मिळतो, काही देशांच्या नागरिकांना ३५ पर्यंत. वर्षाच्या आत परतण्याच्या बेताने आलेले असे लोक अल्पमुदतीच्या पाहुण्यांत मोजले जाऊ शकतात. ज्या देशासाठी मर्यादा ३० वरून ३५ झाली, त्या देशातून तिशीच्या सुरुवातीचे लोक वाढलेले दिसले तर आधी व्हिसाचा नियम कधी बदलला ते पाहावं, मग पिढीच्या स्वभावाबद्दल बोलावं.

ब्रिटनचं इंटरनॅशनल पॅसेंजर सर्व्हे १९६१ पासूनचं. इतकी लांब मुलाखत-मालिका क्वचितच सापडते. वर्षाला सात ते आठ लाख प्रवाशांशी संपर्क, त्यातल्या अडीच लाखांहून जास्त मुलाखती पर्यटनाच्या अंदाजांसाठी, असं तिचं महासाथीआधीचं आकारमान. या सर्वेक्षणाची ट्रॅव्हलपॅक नावाची फाइल तयार तक्ता देत नाही, कच्चा माल देते. प्रत्येक ओळीत तिमाही, देश, हेतू, वयोगट, लिंग, मुक्काम, आणि त्यापुढे भेटी, रात्री, खर्च आणि नमुना (म्हणजे मुलाखतींची संख्या) असे चार आकडे. शिकायला एक दुपार जाते. त्यानंतर बाकीच्या सेवा पोरकट वाटू लागतात.

वापरायची पद्धत अशी. आधी ब्रिटनचे रहिवासी आणि परदेशचे रहिवासी वेगळे करा, फाइलमध्ये दोघंही असतात. हा टप्पा विसरला तर बाहेर जाणारे ब्रिटिश आणि आत येणारे पाहुणे यांची खिचडी होते, आणि एकूण आकडा मोठा असल्यामुळे चूक नजरेत येत नाही. मग हेतू 'सुट्टी' निवडा. मग वयोगटावर भेटींची बेरीज. भारांक आधीच लावलेले असतात, पुन्हा काही गुणायचं नाही, फक्त एकक काय आहे ते सोबतच्या टिपणात पाहून घ्यायचं. शेवटी नमुन्याच्या स्तंभाचीही बेरीज करा. ती ३० च्या खाली असेल तर तो खण विसरून जा. '६५ वर्षांपुढचे, अमुक देशाचे, सुट्टीसाठी, दुसऱ्या तिमाहीत' अशी चाळणी लावली की हाती पाच-सात मुलाखती उरतात आणि त्यांच्यावरून हजारो भेटींचा आकडा तयार झालेला असतो. पुढच्या वर्षी तो दुप्पट झाला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी विमानतळावर आणखी काही आजीआजोबा भेटले.

या फाइलची खरी मिजास भेटी, रात्री आणि खर्च शेजारी असण्यात आहे. एकाच वर्षाची वयरचना तिन्ही स्तंभांवरून काढून पाहा, तीन वेगळे चेहरे दिसतील. नातेवाइकांकडे महिनाभर राहणारा किंवा भाषा शिकायला आलेला तरुण भेटींत एक असतो आणि रात्रींत तीस. दोन दिवसांच्या बैठकीला वर्षातून आठ वेळा येणारी पंचेचाळिशीतली बाई भेटींत आठ असते, रात्रींत सोळा. कोणता चेहरा खरा, हे प्रश्नावर ठरतं: विमानाच्या जागा आखायच्या असतील तर भेटी, खोल्या आखायच्या असतील तर रात्री.

मालिकेतले सांधे, म्हणजे जिथे आधीचे आणि नंतरचे आकडे थेट जुळत नाहीत त्या जागा, मात्र कडक आहेत. १६ मार्च २०२० ला मुलाखती थांबल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. शिवाय कागदावरून टॅब्लेटवर आल्यानंतर आणि नमुन्यातला तोल सुधारण्यासाठी २००९ ते २०१९ चे अंदाज २०२० मध्ये नव्याने काढले गेले. त्याआधी उतरवून ठेवलेल्या फाइली आणि नंतरच्या फाइली एका आलेखात जोडल्या की मध्येच पायरी दिसते. वर्षागणिक फाइल उतरवून ठेवणाऱ्यांनी नावात उतरवल्याची तारीखही घालावी. ऐकायला क्षुल्लक, पण इथे झालेली चूक नंतर सापडत नाही.

युरोस्टॅटचा स्वभावच निराळा. त्यांची वयाची आकडेवारी रहिवाशांना त्यांच्याच देशात विचारलेल्या प्रश्नांतून येते, म्हणजे ती 'कोण आलं' सांगत नाही, 'कोण गेलं' सांगते. हॉटेलांकडून येणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या आकडेवारीत पाहुण्याचा देश असतो, वय नसतं. अमुक देशात येणाऱ्या पर्यटकांचं वय युरोस्टॅटवर शोधत बसणाऱ्याला म्हणून काहीच सापडत नाही. पण एक गोष्ट इथे मिळते जी सीमेवरच्या नोंदीत कधीच मिळत नाही: माणसं. वर्षातून एकदा गेलेला आणि नऊदा गेलेला, दोघंही 'सहभागी' म्हणून एकेकदाच मोजले जातात. आणि न गेलेल्यांना का गेला नाहीत हेही दर तीन वर्षांनी विचारलं जातं. ज्येष्ठांच्या प्रवासाचा अभ्यास करायचा तर जे विमानात चढलेच नाहीत त्यांचं वय कळणं जास्त मोलाचं.

मर्यादा: १५ खालच्यांची माहिती देणं देशांना ऐच्छिक आहे. २०१२ पासून नवा नियम (२०११ चा क्र. ६९२) लागू झाल्यामुळे तिथे सांधा आहे. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरं असतात, कमी विश्वासार्हतेची आणि सांध्याची खूण दाखवणारी. फाइल उतरवताना खुणा वगळण्याचा पर्याय निवडला की तीच पहिल्यांदा उडतात. खुणांसकट उतरवा. आणि देशांतर्गत व परदेशी सहली वेगळ्या करा, कारण पासष्टीपुढचे लोक वाढलेले दिसतात ते बऱ्याचदा स्वतःच्याच देशात वाढलेले असतात.

भारताच्या पर्यटन मंत्रालयाचं वार्षिक प्रकाशन एका वाक्यात: वयोगट सुटसुटीत (०–१४ पासून ६५ व पुढे), मूळ नोंद इमिग्रेशनची, पण पीडीएफमधून तक्ते उचलायचे कष्ट. २०१४ पासून अनिवासी भारतीयांसह होणारं एकूण आगमनही दिलं जातं, म्हणून वयाचा तक्ता फक्त परदेशी नागरिकांचा आहे की सर्वांचा, हे शीर्षकात वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पिढ्यांच्या नावाने विकले जाणारे बाजार-अहवाल या परीक्षणात घेतले नाहीत, आणि घ्यायची गरजही नाही. 'पिढी' म्हणजे पंधरा-अठरा वर्षांचा सरकता पट्टा. दर वर्षी ती एका वर्षाने मोठी होते, त्यामुळे तिचा खर्च वाढला यात बातमी ती काय. त्यातून प्रश्न असतो 'पुढच्या वर्षी जाणार का?' असा, आणि उत्तर देतात ऑनलाइन पॅनेलवरचे लोक. पिढीच बघायची असेल तर सीमेवरच्या नोंदीतून ती फुकट बघता येते: १९९९ चा २५–३४ गट, २००९ चा ३५–४४, २०१९ चा ४५–५४. तक्त्यात तिरकं उतरायचं. गट दहा वर्षांचे असतील तर उडीही दहा वर्षांचीच घ्यायची, पाच वर्षांची घेतली तर निम्मी माणसं दुसऱ्याच खणात जातात. तिरक्या रेषेवर दर टिकून असेल आणि आडव्या रेषेवर तोच वयोगट दर दशकाला वर चढत असेल, तर ती फिरण्याची सवय लोक वयाबरोबर पुढे घेऊन चालले आहेत.

ज्येष्ठांसाठी मात्र कोरिया, ट्रॅव्हलपॅक आणि युरोस्टॅटचे हे तयार गट अपुरेच पडतात. पहिल्याचा शेवटचा खण ६१ ला उघडतो, उरलेल्या दोघांचा ६५ ला, आणि नुकता निवृत्त होऊन डोंगर चढायला आलेला माणूस व चाकाच्या खुर्चीतून उतरणारी नव्वदीची आजी त्या खणात शेजारी बसतात.